फुलपाखराखाली

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात
हीटर खोकत असतो
आणि आम्ही सातजणी लांब टेबलावर
कागद पसरून बसतो.
बाहेर न्यूफाउंडलंडचा फेब्रुवारी.
अख्खी खाडी गोठून गप्प.

सामान माझ्याकडे असतं:
पंच, नागमोडी धारेच्या कात्र्या,
ओला असताना दुधासारखा दिसणारा
आणि वाळला की नाहीसा होणारा डिंक,
वॉलपेपरचे तुकडे, बियाण्यांचे कॅटलॉग,
आणि माझ्या दिराच्या बोटीवरचा दर्यानकाशा.
कॉड संपला, सरकारने मासेमारी बंद केली,
त्या उन्हाळ्यात बोटी उलट्या झाल्या
आणि नकाशे माळ्यावर गेले.
आता त्यांची पानं कापतो आम्ही, फुलं कापतो.
नकाशात उथळ पाणी निळं असतं,
खोल पाणी कोरं.
त्यामुळे फुलं बहुतेक उथळ पाण्याची.

फिलोमीना कियोने स्वस्तातली फ्रेम आणली,
आतल्या छापील कुटुंबासकट.
सगळ्यांचे दात सारखे.
"यांना काढू का?" मी विचारलं.
"थांब जरा, जागा तर गरम करू देत," ती म्हणाली,
आणि पिशवीतून आपला फोटो काढला.

धक्क्यावर नऊ वर्षांची लोरेटा,
डोळे उन्हाने बारीक,
आणि फोटोची डावी कड
कात्रीने सरळ खाली उतरलेली,
खांद्यापाशी येऊन मात्र अडखळलेली.

तिथे एक हात राहिला होता.

तो कापायचा तर पोरीचा खांदा कापावा लागला असता.
हात वर करून अल्बर्टाला निघून गेलेल्या माणसाचा
हा एक हात तेवढा खाली होता,
लेकीच्या खांद्यावर,
तर्जनीचं टोक नसलेला.
आम्ही सातही जणींनी तो ओळखला
आणि सातही जणींनी
आपापल्या कात्रीकडे बघितलं.

"याच्यावर काहीतरी लाव," फिलोमीना म्हणाली. "मोठंसं."

मी फुलपाखराचा पंच घेतला,
नकाशावर ठेवून तळव्याने दाबला.
खट्.
एका पंखावर सतरा आला, दुसऱ्यावर बावीस.
डिंक फक्त अंगाला लावायचा, मी तिला सांगितलं,
पंख मोकळे सोडायचे, थोडे वर दुमडायचे,
नाहीतर ते मेलेलं दिसतं.
तिने मान डोलावली.
खरं तर तिला घट्ट चिकटवायचं होतं
आणि मला ते कळलं होतं.
पण हात चालू असले की मी शिकवतच सुटते,
माझा दोष आहे तो.

मे महिन्यात हॅलिफॅक्सहून लोरेटाचा मुलगा आला,
डेक्लन, सहा वर्षांचा, नाक वाहतं.
आजीबरोबर तळघरात आला, फ्रेम काखोटीला मारून.
"सतरा," त्याने वाचलं. "बावीस. नॅन, हे काय?"
"पाण्याची खोली," ती लगेच म्हणाली.
मग त्याने बोटाने पंख उचलला.
"आणि हे?"

हीटर तेव्हा बंद होता.
कात्र्या थांबल्या की तळघर किती मोठं होतं
हे मला त्या दिवशी कळलं.

"ते बोट विंचमध्ये गेलं," फिलोमीना म्हणाली.
"पहाटे चारला. ओरडलासुद्धा नाही.
रक्ताळलेल्या हातानेच जाळं ओढून घेतलं,
मग बसला."
एवढंच.
कोण, ते नाही. कुठे आहे, ते नाही.
पोराने बोटं मोजली, साडेचार,
आपली मोजली, पाच,
आणि पंख खाली सोडला.

मग दिवसभर तो तेच करत राहिला.
वर. खाली. वर.

आता तो पंख बसत नाही.
मी डिंकाची बाटली पुढे केली, एक थेंब पुरे होता.
"राहू दे," ती म्हणाली, आणि लगेच,
जणू तेच विचारायला आली होती,
"तो लिलीचा पंच कुणाकडे आहे गं?"

नकाशा अजून माझ्याकडेच आहे.
खाडीच्या तोंडाशी फुलपाखराएवढं भोक,
त्यातून टेबलाचं लाकूड दिसतं.
तिथली खोली आता विचारली
तर फिलोमीनाच्या घरी जावं लागेल,
आणि पंख
कोणीतरी उचलावा लागेल.