पाहिजेच असं काही नाही

हेस्टिंग्जच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहा ते आठ
मी सात जर्मनांना इंग्रजी शिकवते.
त्यातला उर्स स्विस आहे,
हे तो दर मंगळवारी सांगतो.
बाहेर अंधारात समुद्र
किनाऱ्यावरचे गोटे मागे ओढत नेतो,
पुन्हा आणून टाकतो.

आज फळ्यावर कॅन, मे, मस्ट, शुड, विल.
यांना शेपूट लावायचं नाही, मी सांगते.
ती असो, तो असो, राजा असो,
ही मंडळी कुणासाठी रूप बदलत नाहीत.

कोर्बिनियन बेकरीत रात्रपाळीला असतो.
"आय विल अ हाउस इन हेस्टिंग्ज," तो म्हणतो.
त्याच्याकडे विल म्हणजे हवंय.
इथे विल म्हणजे होणार.
मध्ये बँक आहे, मी म्हणते.
सगळे हसतात. उर्स तेही वहीत उतरवतो.

मग वीबके वही पुढे सरकवते.
ती चिठ्ठीसुद्धा आधी कच्ची लिहिते, मग पक्की.
ही कच्ची.
खालचे मिस्टर टॉलहर्स्ट, वय एक्क्याऐंशी,
दर शुक्रवारी तिच्या दाराच्या मुठीला
पिशवीत दोन बांगडे अडकवून जायचे.
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
गुडघ्यांचा आवाज आतपर्यंत यायचा.
म्हणून तिनं लिहिलं:
यू मस्ट नॉट कम अप द स्टेअर्स.
खाली एक फूल काढलं.

पाच शुक्रवार झाले.
जिन्यात दिसले तर टोपी उचलतात
आणि भिंतीला चिकटून वाट देतात.
"व्याकरण चुकलं का?"

नाही, वीबके. स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे.
मी दोन रकाने आखते.
तुमचं मुस निश्ट: राहू दे, कशाला दगदग.
इथलं मस्ट नॉट: पाऊल टाकाल तर खबरदार.
चुलतभाऊ आहेत दोघे,
तोंडावळा एक, पण बांधावरून
कधीचं बिनसलंय.

ती पेन्सिल खाली ठेवते.
उर्स काही लिहीत नाही.

कुणीतरी शांतता मोडायला विचारतं,
मराठीत कसं असतं?
मी सांगत सुटते:
आमच्यात पोहता येतं म्हणतात,
म्हणजे पोहणं आपल्या पायांनी येतं,
आम्ही नुसते काठावर उभे.
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
तसंच जावं लागतं.
आणि चहा पाहिजे, जायला पाहिजे:
जे हवं ते आणि जे भाग आहे ते
एकाच शब्दात कोंबलंय.
"मग कळतं कसं?" कोर्बिनियन विचारतो.
आवाजावरून, मी म्हणते.

आवाजावरून.
सात वर्षांपूर्वी मिरजेहून फोन होता.
अप्पांना सलाइन लावलंय, आई म्हणाली.
तू यायला पाहिजेच असं काही नाही.
एवढं महागाचं तिकीट काढून.
मागे कुणीतरी स्टीलचं भांडं ठेवलं.
मी वाक्य ऐकलं.
वाक्यात काही चूक नव्हती.

शुड हॅव पुढच्या पाठात आहे, अकराव्या.
पुस्तकात उदाहरणाला
छत्री विसरलेला एक माणूस दिलाय,
चित्रासकट.

आठला पाच कमी. वीबके नवं पान काढते.
यू डोंट हॅव टू लिहिते, खोडते.
यू कॅन लिहिते, खोडते.
बराच वेळ रबरानं तीच जागा घासते,
कागद पातळ होतो.
मग तिरकं, घाईनं:
मे आय कम डाउन ऑन फ्रायडे?

"मे की कॅन?" उर्स तिच्या खांद्यावरून वाचतो.
चालेल, मी म्हणते,
कोणतंही चालेल.
या वेळी ती पक्की प्रत काढत नाही.
पान फाडून तसंच खिशात घालते
आणि कोट हातातच घेऊन
जिना उतरायला लागते.