शिडाचं पोट

माझगावच्या माझ्या पोटमाळ्यावर ते उलगडलं
तेव्हा अर्धं जिन्यातच राहिलं.
आठ चौरस मीटर शीड,
आणि माझी जागा सहा बाय अकरा फूट,
त्यातही मशीन, इस्त्री आणि मी.

यामिनी तांडेल म्हणाली, "ताई, चपला काढा,
याला वाळूचा एक कणही खपत नाही."
स्वतःच्याच दुकानात अनवाणी होऊन
मी गुडघ्यांवर रांगत
जखम शोधू लागले.

कापड नव्हतंच ते.
एक्सरेच्या फिल्मसारखं कडक, आरपार दिसणारं,
आत तिरप्या दोऱ्यांची बारीक जाळी.
टिचकी मारली की वाजायचं.
घडी घालायची नाही, नुसतं गुंडाळायचं.
घडीची पांढरी रेघ पडली की पुसत नाही,
आणि फाटायचं झालं की तिथूनच फाटतं.
उन्हातही ठेवायचं नाही म्हणे.
आयुष्य उन्हात काढायचं त्या वस्तूनं,
आणि ऊनच तिला आधी दुधाळ करतं, मग ठिसूळ.

एकवीस वर्षं मी शिवडीला छत्र्या शिवल्या.
वाटलं, वाऱ्याचं मला कळतं.
शीड चापूनचोपून जमिनीवर बसवायला गेले
तर बसेना.
इथं दाबलं की तिथं उठायचं,
मधोमध फुगा, खाली मांजर शिरल्यागत.
"कापणाराच चुकलाय," मी म्हटलं.
यामिनी हसली.
"सपाट बसलं असतं, तर मेलेलं असतं."

मग एकदम ध्यानात आलं. कटोरी ब्लाउज!
एका पट्टीची कड सरळ,
दुसरीची किंचित कमानदार, नखाच्या चंद्राइतकी,
आणि दोन्ही एकमेकींना शिवायच्या, न ओढता.
पोट कापडात नसतंच, शिवणीत असतं.
हे मला माझ्या पहिल्या गिऱ्हाइकानं शिकवलं होतं,
ब्लाउज तोंडावर फेकून.

बाकीचं यामिनीनं शिकवलं.
सात आडव्या कामट्या, बांबूच्या नव्हे, कार्बनच्या पोकळ नळ्या.
डोलकाठीला चावून बसलेले प्लास्टिकचे कॅम्बर,
बाजू बदलली की खट् करून पलटणारे.
तळाशी कप्पी. पाय रोवून दोरी खेचायची,
डोलकाठी धनुष्यासारखी वाकेपर्यंत,
आणि तेव्हाच नेमकी
शिडाची वरची मागची कड ढिली पडते, लोंबते.

माझा हात शिवशिवला. चुण्या मला बघवत नाहीत.
"तिथं टाका घालू नका हं," ती ओरडलीच.
"झोत आला की तो वरून सांडू द्यायचा,
सगळाच धरून ठेवला तर मी पाण्यात.
खाली धरायचं, वर सोडायचं."
सासूबाई हयात असताना
हे कुणी सांगितलं असतं तर!

तीन पावलांची नागमोडी शीवण घातली,
दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, कोपऱ्याला गोल ठिगळ,
टोकदार ठिगळ टोकातूनच सुटतं.

जानेवारीतल्या रविवारी दुपारी चौपाटीला गेले.
वायव्येचा वारा, पाण्यावर पांढरे कोंब.
एकोणीस शिडं होती. माझं कोणतं
ते काठावरून काही कळेना.
शेजारचा कणसंवाला म्हणाला, पिवळं पुढं आहे.
आपलं पिवळं नव्हतं.
मग लाल बोयाजवळ सगळी वळली
आणि एक शीड माथ्यापासून पिळत गेलं,
वरून मोकळं, खाली घट्ट,
अगदी सावकाश, जणू कुणी मूठ उघडतंय.
मी उगाचच उभी राहिले.

चौथी आली. मंगळवारी शीड परत माझ्या जिन्यात.
"ताई, पुन्हा फाटलं."
बघितलं. शीवण जशीच्या तशी,
फाटलं होतं ते तिला लागून, बोटभर अंतरावर,
सरळ, पट्टीनं आखल्यासारखं.
म्हणजे मी जास्तच घट्ट शिवलं होतं.

पैसे घेतले नाहीत. चहा मात्र तिनं पाजला.
आता सुई एक नंबर बारीक लावते
आणि धाग्याचा ताण
दर दहा टाक्यांनी बोटानं चाचपते.