वर्षाला अकरा

सारेमा बेटावरच्या या इस्पितळात
एकतीस वर्षं मी सगळंच कापलं.
अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे,
गवतकापणीच्या यंत्रात सापडलेली बोटं,
एकदा तर पाद्र्याच्या घशातला माशाचा काटा काढला.
आणि स्तन.
वर्षाला अकरा, कधी नऊ.

हातगुण चांगला, लोक म्हणायचे.
टाका असा, की लोकरीचे मोजे विणणाऱ्या बायका
वाकून बघायच्या एकमेकींचे व्रण.
तक्रार कोणी केली नाही.
बेटावर तक्रार घेऊन जायचं कुठे?
पुन्हा माझ्याच दारात.

मग एका नोव्हेंबरात
वादळाने फेरीबोट बंद, रात्रपाळी रिकामी.
वेळ जाईना म्हणून जुनी रजिस्टरं काढली.
माझ्या हाताखालून गेलेल्या बायका एका कागदावर,
तार्तूला जाऊन आलेल्या दुसऱ्यावर.
शाळेतल्या पोरासारख्या उभ्या रेघा ओढत गेलो:
पाच वर्षांनी आहे.
पाच वर्षांनी नाही.

एवढ्याशा आकड्यांतून काही सिद्ध होत नाही.
माझ्याकडच्या वयस्कर होत्या,
उशिरा येणाऱ्या, गायी सोडून न जाणाऱ्या.
ही सगळी वाक्यं मी मोठ्याने म्हणून पाहिली
चहाच्या किटलीसमोर.
मग माइमूचं पान उघडलं.

गाठीच्या कडेला निरोगी मांस किती सुटलं,
लिहिलेलं नाही.
काखेतल्या गाठी: चार काढल्या.
पुढे एकच शब्द, 'पुरे',
माझ्याच सुबक अक्षरात.

तार्तूला दर मंगळवारी
सहा माणसं टेबलाभोवती बसतात,
एका बाईच्या एका गाठीवरून भांडतात.
इथे मी एकटाच बसायचो
आणि लगेच एकमत व्हायचं.

पिरेट सारापला मी शस्त्रक्रिया करताना पाहिलंय.
टाका माझ्याहून ओबडधोबड.
मनातल्या मनात मी जरा सुखावलोही.
पण वर्षाला दोनशे स्तन बघणारी ती बोटं
मध्येच थांबली, मागे आली,
कडेचा अजून एक पापुद्रा काढून
तपासायला पाठवला.
मी तिथे नसतो थांबलो.
थांबायचं असतं, हेच मला
अकरांनी कधी शिकवलं नाही.

लाइने आली ती हाताला आल्डरच्या धुराचा वास घेऊन.
मासे धुरावते ती. नावाचा अर्थ लाट,
आणि बोलतेही तशीच, किनाऱ्याचा विचार न करता.
"तूच काप," म्हणाली.
"माझ्या आईचं पित्ताशय तू काढलंस,
पोराचा अंगठा तू जोडलास.
आता शेवटी परक्यांकडे पाठवतोस?"

नाही, मी नाही करणार, म्हणालो.

"हात कापायला लागला का तुझा?"

टेबलावर ठेवून दाखवला.
स्थिर होता. त्यामुळे सांगणं
आणखी अवघड झालं.

कुइवास्तूच्या धक्क्यापर्यंत मीच गाडी चालवली.
वाटेत ती बोलली नाही.
धक्क्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा
माझ्या मांडीवर आदळला.
"खा. रागात खारवलाय."
मग बॅग उचलून
रांगेतल्या ट्रकांमधून चालत गेली,
मागे वळून न बघता.

परतीच्या रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबलो
तर पलीकडच्या पंपावर माइमूचा नवरा.
नेहमीसारखी त्याने टोपी काढली.
सात वर्षं काढतोय,
मी तिच्यासाठी जे केलं त्याबद्दल.

काच खाली केली.
काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं,
तरी तोंड उघडलं होतं.
तोच आधी बोलला:
यंदा समुद्र लवकर गोठणार म्हणतात.
आणि आत वाकून, नाक वर करून,
लाइनेचा मासा ना, म्हणाला.