सवतासुभा

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
झ्लाता तीन खिडक्या उघडते टर्मिनलच्या,
तिघींचा सवतासुभा.

पहिलीत बेटावर जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रक.
पायथन इतकं जुनं
की ते बसवणारा आर्वो आता मधमाश्या पाळतो.
दुसरीत दवाखाना. तिथे सगळं सोवळ्यात,
बाहेरचं एक पॅकेज शिवलेलं चालत नाही.
तिसरी कालच मांडलेली,
नाव नाही अजून, नुसतं ‘चाचणी-२’.

एका म्यानात दोन तलवारी
तिनं मार्चमध्ये घालून पाहिल्या होत्या.
बोट, निदान पडद्यावर,
एक दिवस आधीच निघून गेली.
धक्क्यावर म्हातारी माणसं, टोपल्या, एक कुत्रा.

आज पुन्हा तेच:
आज्ञा दवाखान्याची
आणि बोटं बोटीच्या खिडकीत.
एंटरवर करंगळी टेकता टेकता
ओळीच्या सुरुवातीचं, कंसातलं
ते बारीक नाव दिसलं.

तिनं हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात नार्वाहून आईचा फोन, रशियनमध्ये:
जेवलीस का?
झ्लाता सांगत गेली, सूप, काळा पाव,
सगळं एस्टोनियनमध्ये.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग आई म्हणाली,
झोप आता. दमलीस.