उभा अक्ष

आधी नुसती खिडकी उघडली. रिकामी, करडी,
अझोरेसच्या त्या धुक्यासारखी
ज्यात समोरचं बेटसुद्धा बेपत्ता होतं.
मग खाली एक सरकपट्टी, तीन बटणं,
आणि मधोमध कॅनव्हास, ज्यावर मी
भूकंपमापकाचा अख्खा महिना ओतला.
काहीच हलेना.
तासाभराने कळलं, शेवटची ओळ राहिली होती,
ती, जी प्रोग्रामला सांगते: आता बसून राहा,
कोणी हात लावीपर्यंत वाट बघ.

केंद्रात माणसं तीन.
मी, उमेदवारीवर आलेला एवारिस्तो,
आणि ग्रासिएते, निवृत्तीला सहा आठवडे उरलेली.
तिने काजळीचे दिवस पाहिलेले:
रॉकेलच्या धुरावर कागद काळा करायचा,
ड्रमवर गुंडाळायचा, सुईला रात्रभर चालू द्यायचं,
सकाळी उतरवून लाखेत बुडवायचा,
नाहीतर बोट लागलं की
अख्खी रात्र पुसली जायची.
"तुझ्या ह्याला बोट लागलं तर?"
लावा, म्हटलं. त्याचसाठी केलंय.
तिने लावलं, जपून,
जसं गरम तव्याला लावतात.
मंगळवार सरकला. रविवार आला.
ती खुदकन हसली, मग पुन्हा मंगळवार आणला.

दहाव्या दिवशी सकाळी एवारिस्तो ओरडला.
पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवे सुळके.
नगरपालिकेचा अर्धा नंबर त्याने फिरवलाही होता.
ग्रासिएतेने चष्मा चढवला. आधी घड्याळ पाहिलं.
सहा चाळीस.
"हा बेल्मिरोचा दुधाचा ट्रक," ती म्हणाली,
"चढावर दुसरा गियर टाकतोय."

चूक माझी. चूक तरी कसली, सोय:
उभ्या अक्षाने आपला आपण ताणायचं,
जे असेल ते चौकटभर दाखवायचं,
काही नसेल तर ते काही नसणंही चौकटभर.
एका ओळीत मी
राईचा पर्वत करणारं यंत्र लिहिलं होतं
आणि बटणावर छापलं होतं: ऑटो.

दुपारभर भांडलो.
ती म्हणे, कागद वीतभर, तर वीतभरच.
लहान ते लहान दिसायचं, ओरडायचं नाही.
मी म्हणे, पण बारीक धक्क्यांची माळ सुरू होते
ती दुधाच्या ट्रकाहूनही हळू आवाजात.
बांधलेल्या अक्षावर ती सरळ रेघ दिसेल,
आणि आपण सरळ रेघेखाली झोपून राहू.
ती गप्प झाली. पावावर चीज ठेवून
एक तुकडा मला दिला, एक एवारिस्तोला,
तो अजूनही कानापर्यंत लाल.
"मग दोन्ही ठेव," ती म्हणाली.
"फक्त कुठलं चालू आहे ते लपवू नकोस."

आता डावीकडे एक चौकोन आहे. खूण केली की अक्ष बांधला जातो.
खूण काढली की आकडे तांबडे होतात,
म्हणजे बघणाऱ्याला कळावं, पर्वत आहे की राई.
हे करणाऱ्या फंक्शनला मी तिचं नाव दिलंय.
तिला बोलले नाही.
कोड ती वाचत नाही, आणि वाचला असता
तर स्पेलिंगवरून बोलली असती.

ती गेली तेव्हा काजळीचा एक कागद
माझ्या खुर्चीमागे टाचून गेली.
त्यावर एका कडेला अंगठ्याचा ठसा आहे.
तो लाखेआधीचा.

मार्चमध्ये खरा आला.
अक्ष बांधलेला होता. रेघ वर गेली,
चौकटीला धडकली, चौकटीबाहेर गेली,
आणि मी नि एवारिस्तो दाराच्या चौकटीत उभे,
एकमेकांच्या बाह्या घट्ट धरून.
एक कप फुटला. शेतांच्या दगडी बांधांची
कुठे कुठे पडझड झाली. गायी बाहेर आल्या.
नंतर कोणीच काही बोललं नाही.
एवारिस्तो पडद्याजवळ गेला, खूण काढली,
तांबड्या आकड्यांत खाली, अगदी खाली बघत राहिला.

सहा अठ्ठावन्न.
"दुसरा गियर," तो म्हणाला.