डिश नंबर सत्तावन्न

नॉरिचला पारा अडतीसवर गेला त्या आठवड्यात
आमचा जुना इनक्युबेटर बिघडला.
मॉरीननं त्याला थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी,
मग चिठ्ठी चिकटवली : हात लावू नये.
आत शुक्रवार ते सोमवार
साठ डिश उकडत राहिल्या.

गव्हाचं पान करपवणारी बुरशी ही,
स्लीफर्डजवळच्या हाल्डनबीच्या शेतातली.
एरवी गुलाबट, भिजल्या साबुदाण्यासारखी.
सोमवारी बहुतेक तशीच होती.
सत्तावन्नमध्ये मात्र एका कोपऱ्यात
(गोल डिशला कोपरा नसतो, पण दुसरा शब्द सुचत नाही)
काजळीचं बोट उमटलेलं.

हिच्या जनुकांमध्ये काही तुकडे आहेत, फार जुने,
पेशीनं मिथाइलचे शिक्के मारून
बासनात गुंडाळून ठेवलेले.
उष्म्यानं, उपासानं गाठ सैल पडते.
मग ते आपलीच नक्कल काढतात
आणि विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन
दिसेल त्या जागेत घुसतात.
बहुतेकदा घरच कोसळतं.
कोसळलेल्या पेशींची नोंद आम्ही ठेवत नाही.
कधी एखादा तुकडा नेमका
रंगाच्या बटणाशेजारी टेकतो,
कधी पंपाशेजारी,
आणि मग पिकावरचं औषध आत शिरलं रे शिरलं
की पेशी ते उपसून टाकते,
गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं.

दुपारी हाल्डनबीचा फोन.
"तीनदा फवारलं. मी काय पाणी मारतोय?"
मी सांगत गेले, अडखळत.
तो म्हणाला, "म्हणजे मी छळलं, म्हणून ती शिकली?"
शिकली नाही, मी म्हटलं. तिला काहीच ठाऊक नाही.
घाबरून खिशातलं सगळं जमिनीवर फेकलं,
त्यात एखादी किल्ली निघाली, एवढंच.

पलीकडे धान्य वाळवायचं यंत्र घरघरत होतं.
"माझी आई," तो म्हणाला,
"बापाशी भांडण झालं की फर्निचर हलवायची.
एकदा कपाट दारालाच लावलं.
आठवडाभर आम्ही खिडकीतून ये-जा केली."
मग थांबून :
"त्या खिडकीतून तळं दिसायचं.
तोवर कुणी पाहिलंच नव्हतं."

वहीत मी लिहिलं :
तापमान, तास, काळा पट्टा, व्यास चार मिलिमीटर.
कपाट लिहिलं नाही.
थोडी बुरशी उणे ऐंशीत गोठवली,
उरलेली वाफेत मारली, साठही डिश.
मॉरीननं चिठ्ठी काढली. तिच्या गोंदाचा चौकोन तेवढा राहिला.

रात्री भाड्याच्या खोलीत अजून एकतीस अंश.
झोप येईना.
एकला उठून पलंग खिडकीपाशी ओढला,
पाय फरशीवर करकरत.
खालच्यांनी छताला काठी ठोकली,
दोनदा,
मग तिसऱ्यांदा, जरा हळू.