आगर

मिरजेत, रोगनिदान प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये
आम्ही एक मेंढी पाळतो.
लोकरीसाठी नाही, कोकरांसाठी नाही.
रजिस्टरात ती: मादी, माडग्याळ जात, नंबर चार.
आगमन: तीन वर्षांपूर्वी, जतचा बाजार.
उपयोग: रक्त.

सोमवारी सकाळी दस्तगीरमामा तिला दोन गुडघ्यांत धरतात.
मी मानेवरची लोकर कातरते, स्पिरिटचा बोळा फिरवते,
अंगठ्याखाली शीर फुगते.
ती बघत असते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे,
जणू वाचता येतं तिला, आणि एक तारीख चुकलेली आहे.

पन्नास मिली.
काचेच्या मण्यांवर ते रक्त हलवत राहायचं
मनगट भरून येईपर्यंत,
म्हणजे ते गोठायचं विसरतं.
मग उकळून निवत आलेल्या आगरचा फ्लास्क
गालाला लावून बघायचा.
घाई केली तर रक्त करपतं,
उशीर केला तर गुठळ्या.

माझ्या आईचं माहेर गुहागर.
तिथं आगर म्हणजे पोफळी, ओलसर सावली, पाटाचं पाणी.
इथं आगर म्हणजे
तळहाताएवढ्या वीस लाल बशा,
आणि काय उगवणार ते
पेरणारीला ठाऊक नसतं.

पलूसच्या म्हशीच्या सडातला पू,
कवठे महांकाळच्या कुत्र्याचा वाहता कान,
सगळं त्या एकीच्या रक्तावर उगवतं.

गेल्या मंगळवारी मायाप्पा लवटे आले.
सिमेंटच्या पोत्यात मेलेलं कोकरू.
कंडक्टरनं त्याचं लगेज फाडलं होतं, ते तिकीट त्यांनी
पुरावा असल्यासारखं टेबलावर ठेवलं.
"रातीत सहा गेली बाई."

कुरणे डॉक्टरांनी छाती उघडली.
फुप्फुस काळीजासारखं घट्ट.
तुकडा पाण्यात सोडला, तो बुडाला.
मी तारेचं कडं लाल केलं, निववलं,
आणि बशीवर रेघा ओढल्या,
वाफे पाडावेत तशा.

तेवढ्यात मागं शेडमध्ये नंबर चार ओरडली.
एरवी ओरडत नाही.
मायाप्पा उठले, विचारलं नाही, सरळ आत गेले,
तिचा डावा कान बोटांत धरून दोन खाचा चाचपल्या.
"ही आमची हाय.
जतंला इकली हुती. खाटकानं नेली आसंल
म्हून सोडून दिली हुती मनातनं."
मग पोत्याकडे मान वळवून,
"ह्येची आय हिच्याच पोटची."

मानेवरचा कातरलेला चौकोन त्यांना दिसला.
"दुखतंय का तिला?"
मामा म्हणाले, "सुई जाताना. आपल्याला दुखतं तेवढंच."
पुढं कुणी काही बोललं नाही.
नळ गळत होता, मी जाऊन बंद केला.

बुधवारी झाकण उचललं.
राखाडी ठिपके, दवासारखे.
एक ठिपका हळूच खरवडला,
त्याच्याखालचा लाल रंग गेलेला.
लिहायचं ते लिहिलं.
माझ्या हाताखाली नात्यातलंच कुणी कुणाला खात होतं
हे लिहायला त्या फॉर्मवर जागा नव्हती.

गुरुवारी औषधांच्या चकत्यांभोवती कडी मोजली.
पेनिसिलिन: शून्य.
पिवळ्या औषधाचं कडं चांगलं बावीस मिलिमीटर.
डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला,
मग फोन माझ्या हातात दिला.
"किती वाचत्याल?"
"सांगता येत नाही, मामा."
"बरं." थोडा वारा, थोडी घुंगरं.
"तिला काय घालता खायला?"
"मका. पेंड. लसूणघास."
"बाभळीच्या शेंगा घाला. लई आवडायच्या."

या सोमवारी दस्तगीरमामांचा खिसा फुगलेला होता.
सुई आत गेली तेव्हा ती चावत होती,
बिया दाताखाली कटकट वाजत होत्या,
तक्त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.
पन्नास मिली.
खाद्याच्या रकान्यात शेंगा कशा दाखवायच्या
ते ना मला माहीत, ना मामांना.
दाखवल्या नाहीत.